प्लास्टरच्या आधी टाकायचे रिकामे पाइप : घरातल्या इंटरनेट आणि टीव्हीच्या वायरिंगची तयारी

घराचं काम निघालं की लाइटच्या पॉइंटवर घरात आठवडाभर चर्चा होते. गिझरचा स्विच कुठे, एसीचा पॉइंट किती उंचीवर, देवघराचा दिवा वेगळ्या बटणावर हवा का, सगळं नीट ठरतं. इंटरनेटचा विषय मात्र 'वायफाय आहे ना' एवढ्यावर संपतो. मग राहायला गेल्यावर ब्रॉडबँडचा माणूस येतो, खिडकीच्या चौकटीशेजारी ड्रिल मारतो, स्कर्टिंगवरून क्लिपा ठोकत फायबर आत आणतो आणि दाराजवळच्या नव्या कोऱ्या भिंतीवर राउटर टांगून जातो. आतल्या बेडरूममध्ये सिग्नल पोचत नाही आणि टीव्हीखाली तीन वायरी लोंबत राहतात.

यावर उपाय आहे आणि तो महागडा नाही. भिंतींना प्लास्टर होण्याआधी, फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी, मोजक्या जागांपर्यंत रिकामे पाइप टाकून ठेवायचे आणि त्यांत दोरी ओवून ठेवायची. वायर आज घातली नाही तरी चालेल. पुनर्विकासात नवा फ्लॅट मिळणार असलेल्यांसाठी, जुना फ्लॅट सोलून नव्याने करणाऱ्यांसाठी आणि हे काम पहिल्यांदाच करून घेणाऱ्यांसाठी पुढची माहिती आहे.

वायर सोडून पाइपवर भर का, ते आधी सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर घरात यायची. नंतर केबलवाल्याची काळी गोल कोअॅक्सियल वायर आली. १५ ऑगस्ट १९९५ला सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झालं, ते टेलिफोनच्या दोन तारांवरून. ऑक्टोबर २०१२च्या अखेरीस मुंबईत केबलचं जुनं प्रसारण बंद झालं आणि प्रत्येक टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स बसला, त्यापाठोपाठ एचडीएमआयची जाड डोक्याची वायर. आता फायबर दारापर्यंत येते. एकाच घराच्या आयुष्यात एवढे बदल होतात, आणि पुढची वायर कोणती असेल हे आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून भारी वायरीवर पैसे घालण्याआधी ती बदलता येईल अशी वाट करून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी : तुमची भिंत कोणती आहे

मुंबईत सगळं याच प्रश्नावर अडतं, म्हणून नकाशा काढण्याआधी याचं उत्तर शोधा.

विटांची आतली भिंत साधारण साडेचार इंचांची असते. ड्रिल मारलं की लाल भुकटी पडते. गेल्या काही वर्षांतल्या इमारतींमध्ये एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक असतात, भुकटी फिकट राखाडी आणि ड्रिल लोण्यात घुसावं तसं घुसतं. तिसरा प्रकार म्हणजे मायवान पद्धतीने, अॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. नव्या टॉवरमध्ये त्या सर्रास आढळतात. तिथे ड्रिल कुरकुरतं आणि मध्येच सळईवर अडतं.

मायवानच्या भिंतींत खाच पाडायची नाही. ती भिंत म्हणजे इमारतीचा सांगाडाच असतो. हाच नियम सगळ्या इमारतींतल्या कॉलम, बीम आणि स्लॅबला लागू आहे. वायरमन 'दोनच इंच मारतो, काही होत नाही' म्हणाला तरी नाही म्हणा. तुमच्या वर आणि खाली माणसं राहतात.

विटांच्या आणि ब्लॉकच्या भिंतीतही मर्यादा आहे. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नको, हा बांधकामातला सर्वसाधारण नियम. साडेचार इंच म्हणजे सुमारे ११५ मिमी. एक तृतीयांश झाले ३८ मिमी, म्हणजे उभा २५ मिमीचा पाइप आरामात बसतो, ३२ मिमीचाही बसतो. एक षष्ठांश मात्र जेमतेम १९ मिमी, त्यात २० मिमीचा पाइपही मावत नाही. यातून सरळ निघणारी गोष्ट अशी की, आडवं अंतर छताजवळून, फॉल्स सीलिंगच्या आतून कापायचं आणि भिंतीत फक्त सरळ खाली उतरायचं. छातीच्या उंचीवर खोलीभर आडवी खाच मारणारा वायरमन दिसला तर काम थांबवा. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच जागी समोरासमोर खाच मारणंही टाळा, मधे पापुद्रा तेवढा उरतो.

गिरगाव, लालबाग, परळकडच्या जुन्या चाळींत जाड विटांच्या भारवाहक भिंती आणि लाकडी तुळया असतात. तिथे कापाकापी करू नका, पीव्हीसीची केसिंग पट्टी वापरा. मोठ्या आकाराची पट्टी स्कर्टिंगच्या वर किंवा दाराच्या चौकटीलगत सरळ रेषेत लावली आणि भिंतीच्याच रंगात रंगवली की डोळ्यांत येत नाही. तिचं झाकण केव्हाही उघडून वायर बदलता येते, म्हणजे आपल्याला हवं ते सगळं मिळालंच.

मायवानमध्ये तीन वाटा उरतात: फॉल्स सीलिंगच्या आतून, फर्निचरच्या पाठीमागून, आणि बिल्डरने काँक्रीट ओतताना टाकलेल्या पाइपांतून. या शेवटच्या वाटेकडे लोक बघतच नाहीत. हॉलमध्ये आणि बहुधा एका बेडरूममध्ये बिल्डरने टेलिफोनचा आणि टीव्हीचा पॉइंट दिलेला असतो. प्लेट उघडा, आत मेलेली टेलिफोनची वायर असेल. तिच्या एका टोकाला नायलॉनची दोरी घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाने हळू ओढा. वायर निघाली तर पाइप मोकळा आहे आणि दोरीही आपोआप आत गेली. ओढण्याआधी एवढंच बघा की ती वायर एका पॉइंटवरून पुढच्या पॉइंटवर गेली आहे की प्रत्येक खोलीतून थेट मुख्य दाराकडे. पहिला प्रकार असेल तर मधल्या पॉइंटवर पाच पोर्टचा छोटा नेटवर्क स्विच (एका वायरीतलं इंटरनेट अनेक वायरींत वाटणारा डबा) ठेवून काम भागतं.

घर अजून बांधलं जात असेल आणि बिल्डर किंवा सोसायटीची समिती ऐकणारी असेल, तर विजेचा आराखडा मागून घ्या आणि काँक्रीट पडायच्या आत जादा पाइपांची मागणी लेखी द्या. एकट्याने मागितलं तर मिळणं कठीण, मजल्यावरच्या चार-पाच सभासदांनी मिळून मागितलं तर विचार होतो.

दुसरी पायरी : सगळे पाइप जिथे मिळतील ती जागा

घरातले सगळे पाइप एका जागी यावेत, या जागेला आपण केंद्र म्हणू. इथे फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि पुढे कधी कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बसेल. दोनबीएचकेमध्ये मला सगळ्यांत पटणारी जागा म्हणजे मुख्य दाराजवळच्या चपलांच्या कपाटाचा वरचा कप्पा किंवा पॅसेजमधल्या माळ्याची कड. बाहेरून येणारी वायर तिथे जवळ पडते आणि घराचा मध्यही फार लांब नसतो.

या जागेला चार गोष्टी हव्यात. निदान चार प्लगांचं बोर्ड, कारण प्रत्येक डब्याला स्वतःचा अॅडॅप्टर लागतो. हवा खेळायला कपाटाच्या दाराला जाळी किंवा फटी. इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन, नाहीतर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस ठेवायला जागा. आणि कोरडी भिंत. बाथरूमला लागून असलेली किंवा पावसाळ्यात ओल धरणारी पश्चिमेची भिंत यासाठी कधीही निवडू नका. एमसीबीच्या लोखंडी डब्यात राउटर ठेवायचा विचारही नको, एक तर तिथे वीज आहे आणि दुसरं म्हणजे पत्र्याच्या पेटीतून वायफाय बाहेर पडत नाही.

तिसरी पायरी : कुठे कुठे पाइप न्यायचा

कागदावर घराचा नकाशा काढा आणि केंद्रापासून प्रत्येक पॉइंटपर्यंत स्वतंत्र रेघ ओढा. एका पॉइंटवरून दुसऱ्यावर नेलेला पाइप स्वस्त पडतो, पण पुढे अडचण करतो.

साडेसहाशे चौरस फुटांच्या दोनबीएचकेसाठी मी असं सुचवेन. हॉलमधल्या टीव्हीच्या भिंतीकडे दोन पाइप. प्रत्येक बेडरूममध्ये जिथे टेबल किंवा टीव्ही येऊ शकेल तिथे एक. पॅसेजच्या छतात, घराच्या साधारण मध्यावर एक. इथे पुढे वायफायचा अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीने आलेलं इंटरनेट वायफायवर पसरवणारा डबा, बसेल. मुख्य दाराबाहेर, बेलच्या बाजूला एक, व्हिडिओ डोअरफोन किंवा कॅमेऱ्यासाठी. खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या बाजूला एक, डिशच्या वायरीसाठी. आणि इमारतीच्या डक्टकडून (वायरी मजल्यामजल्यावर नेणाऱ्या उभ्या पोकळीकडून) केंद्रापर्यंत एक, फायबरसाठी. स्वयंपाकघरात मी काही टाकत नाही.

पॅसेजच्या छतातला पाइप लोकांना उधळपट्टी वाटते. माझ्या मते मात्र या यादीतली सगळ्यांत उपयोगाची वस्तू तीच. मुंबईच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वरखालच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडांच्या वायफायची गर्दी असते आणि ५ गिगाहर्ट्झचा वेगवान सिग्नल काँक्रीटच्या भिंतीपलीकडे पटकन मलूल होतो. केंद्रातून वायरीने आलेला अॅक्सेस पॉइंट पॅसेजच्या छतावर बसला की दोन्ही बेडरूमच्या दारांतून सिग्नल थेट आत जातो. त्याला वेगळा प्लग लागत नाही, नेटवर्कच्याच वायरीतून वीज देता येते. या पद्धतीला पीओई म्हणतात. त्याच्या २००३च्या मानकात पोर्टवर १५.४ वॉट आणि २००९च्या मानकात ३० वॉट मिळतात; घरगुती अॅक्सेस पॉइंटला आणि कॅमेऱ्याला एवढे पुरतात.

चौथी पायरी : पाइपाचा आकार

दुकानात कडक पीव्हीसी पाइप २०, २५, ३२, ४० आणि ५० मिमी असे मिळतात. हा बाहेरचा व्यास असतो, आतली पोकळी तीन-चार मिमीने कमी. लांबी साधारण तीन मीटर. लाइट, मीडियम आणि हेवी असे तीन प्रकार येतात. भिंतीसाठी मीडियम पुरतो, काँक्रीटमध्ये ओतायचा असेल तर हेवी घ्या. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ९५३७ हा क्रमांक पाइपावर छापलेला असतो, तो बघून घ्या. घाऊक खरेदी करायची तर क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ, नेटवर्कच्या वस्तूंसाठी ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड.

पाइप वायरींनी ठासून भरायचा नसतो. आतल्या पोकळीचा ४० टक्के भागच वायरींनी व्यापावा, बाकीची जागा ओढताना लागते. कॅट ६, म्हणजे घरातल्या नेटवर्कची नेहमीची वायर, सुमारे सहा मिमी जाड असते. हा हिशेब केला तर २५ मिमी पाइपात चार वायरी जातात, २० मिमीमध्ये कागदावर तीन पण वळणं धरली तर दोनच म्हणा, आणि ३२ मिमीमध्ये आठपर्यंत. डिशची आरजी ६ वायर सात मिमीच्या आसपास जाड, ती एक घातली की दुसऱ्यांची जागा तेवढी कमी होते.

माझा सल्ला सोपा आहे: २० मिमी विसरा. वायरमन सवयीने तोच आणेल, कारण लाइटच्या पॉइंटला तो चालतो. नेटवर्कसाठी सगळीकडे किमान २५ मिमी लावायला सांगा. दोन पाइपांच्या किमतीतला फरक एकूण कामाच्या खर्चात दिसतही नाही. पुढे भिंत फोडून पुन्हा प्लास्टर, पुट्टी आणि अख्ख्या भिंतीचा रंग करावा लागला तर तो फरक किती क्षुल्लक होता ते कळतं.

टीव्हीची भिंत

इथे जरा थांबून विचार करा, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

एचडीएमआयच्या वायरीचं टोक तयार जोडलेलंच येतं आणि ते साधारण २० मिमी रुंद असतं. नेटवर्कची वायर आधी ओढून मग टोकं लावता येतात, इथे तशी सोय नाही. २५ मिमीच्या पाइपात ते टोक सरळ रेषेतही घासत जातं आणि पहिल्याच वळणावर अडकतं. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंतचा पाइप म्हणून मोठा हवा, ५० मिमीचा असला तर उत्तम. पण वर सांगितलेला एक तृतीयांशाचा नियम आठवा: साडेचार इंचांच्या भिंतीत ५० मिमी खोल खाच बसत नाही. मग दोनच मार्ग. टीव्हीच्या मागे लाकडी पॅनल करणार असाल तर ५० मिमीचा पाइप भिंतीत न घालता पॅनलच्या आतून सोडा. सुताराला आधीच सांगा, पॅनल भिंतीपासून अडीच इंच पुढे हवं. पॅनल नको असेल तर ३२ मिमीचा पाइप अगदी सरळ, एकही वळण न देता उभा टाका. चार इंची ब्लॉकच्या भिंतीत ३२ मिमीही काठावर येतो, तिथे पॅनलच करा.

वरचा बॉक्स टीव्हीच्या ब्रॅकेटच्या मधोमध नको. ब्रॅकेटची लोखंडी पट्टी नेमकी प्लगवर येते. टीव्हीच्या मापाचा कागद भिंतीवर चिकटवून, सोफ्यावर बसून उंची ठरवा आणि बॉक्स त्या कागदाच्या आतच, पण ब्रॅकेटच्या बाजूला खूण करा. विजेचा प्लग पॉइंट वेगळ्या बॉक्समध्ये, थोड्या अंतरावर.

युनिटपासून केंद्रापर्यंत २५ मिमीचे दोन पाइप. एकात नेटवर्क, दुसरा डिशसाठी किंवा पुढच्यासाठी रिकामा. सराउंड स्पीकर लावायचा विचार असेल तर सोफ्यामागच्या भिंतीकडे युनिटपासून एकेक पाइप आत्ताच न्या. एवढ्या एका कामासाठी २० मिमी चालेल, स्पीकरची वायर बारीक असते. प्रोजेक्टरची हौस असेल तर फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी छतात ४० मिमीचा पाइप टाका.

लांबच्या एचडीएमआयबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१७मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१चा वेग ४८ गिगाबिटपर्यंत जातो, पण साध्या तांब्याच्या वायरीतून तो पूर्ण वेग साधारण पाच मीटरच्या पुढे भरवशाचा राहत नाही. त्यापेक्षा लांब न्यायचं तर आत फायबर असलेली एचडीएमआय मिळते. तिला दिशा असते: एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही. पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन्हीकडे जोडून बघा.

पाइप टाकताना वायरमनच्या शेजारी उभं राहून बघायच्या गोष्टी

वळण मोठं हवं. काटकोनी एल्बो नेटवर्कला चालत नाही, लांब बेंड वापरायला सांगा किंवा पाइपात स्प्रिंग घालून तो हाताने वाकवून घ्या. कॅट ६ वायर तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायची नसते. दोन बॉक्सच्या मधे काटकोनाची दोनच वळणं. तिसरं लागत असेल तर मधे जंक्शन बॉक्स ठेवा आणि त्याचं झाकण पुढे उघडता येईल अशाच जागी ठेवा. फॉल्स सीलिंगच्या आत, वर हात पोचणार नाही तिथे पुरलेला बॉक्स असून नसल्यासारखा.

नळीसारखा लवचिक पाइप वायरमनला सोपा पडतो म्हणून तो आणतो. आतल्या कंगोऱ्यांवर वायर अडते आणि प्लास्टरच्या दाबाने तो चेपतोही. फॉल्स सीलिंगमधल्या एखाद्या हाताएवढ्या तुकड्यापुरता ठीक, बाकी कडक पाइपच.

जोडांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लावलं आहे ना, ते बघा. न लावलेल्या जोडातून प्लास्टरचं पाणी आणि सिमेंट आत शिरतं आणि वाळलं की पाइप कायमचा बंद. कापलेल्या टोकाच्या आतली धार कानशीने किंवा चाकूने मोडायला सांगा, नाहीतर ती वायरीचं कातडं सोलते. काम संपेपर्यंत प्रत्येक उघड्या टोकात कागदाचा बोळा आणि वर टेप.

विजेच्या आणि नेटवर्कच्या वायरी एका पाइपात कधीच नकोत, एका बॉक्समध्येही नकोत. २३० व्होल्टच्या वायरीचं आवरण कुठे सोललं तर ती वीज तुमच्या नेटवर्कच्या वायरीत, आणि तिथून हातात, येऊ शकते. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर शक्य तिथे फूटभर अंतर ठेवा आणि एकमेकांना ओलांडायचे असतील तर काटकोनात ओलांडू द्या.

फॉल्स सीलिंगमधून खाली उतरताना मधे बीम येतो आणि तो कापायचा नाही हे ठरलेलंच आहे. पाइप बीमच्या अंगावरून क्लॅम्पने उतरवा आणि बीम संपल्यावर भिंतीत घ्या. सीलिंग बीमच्या खालपर्यंत येत नसेल तर तेवढ्याच जागी पीओपीची किंवा प्लायची उभी पट्टी करून झाका.

फरशीखालून पाइप न्यायचा आग्रह काही कंत्राटदार धरतात. बाथरूम, मोरी आणि स्वयंपाकघराच्या फरशीखालून तर मुळीच नको. वॉटरप्रूफिंग फाटलं की खालच्या शेजाऱ्याच्या छतावर डाग उमटतो.

खाच भरण्याआधी तिच्यावर चिकन जाळी (बारीक तारेची जाळी) मारून घ्या, म्हणजे प्लास्टरला पाइपाच्या रेषेत तडा जात नाही. भिंत कापायला कटर मशीन वापरायला सांगा. ब्लॉकच्या भिंतीवर छिन्नी-हातोडा मारला तर ब्लॉकच हलतो. सोसायटीचं परवानगीपत्र आणि कामाच्या वेळा आधी बघून घ्या. बहुतेक सोसायट्या दुपारची विश्रांतीची वेळ आणि रविवार वगळूनच तोडफोडीला परवानगी देतात, त्यामुळे कापायचं काम सकाळच्या सत्रात बसवा.

बाहेरून आत येणारा पाइप

मुंबईत या पाइपाची खरी परीक्षा जूनमध्ये होते. बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या पाइपाला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या, पाणी आत न येता बाहेर गळेल. आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकतं. वायर ओढून झाली की पाइपाचं तोंड सिलिकॉनने बंद करा. आतल्या बाजूचं तोंडही मोकळं ठेवू नका, मुंग्या, झुरळं आणि पाली त्याच वाटेने येतात आणि डक्टमधले उंदीर वायर कुरतडतात.

फायबर जिन्याजवळच्या डक्टमधून येत असेल तर बाहेरच्या भिंतीला हात लावायची गरजच नाही. डक्टपासून तुमच्या केंद्रापर्यंत २५ मिमीचा पाइप टाका, डक्टच्या भिंतीतलं भोक नंतर नीट बुजवा. आग लागली तर धूर अशाच भोकांतून घरात शिरतो. फायबरला केंद्राच्या डब्यात दोनेक मीटर जादा लांबी गुंडाळून ठेवायला जागा द्या. ती गुंडाळी तीन सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको.

खिडकीबाहेर जाणारी नेटवर्कची वायर घरातलीच वापरू नका. ऊन आणि पाऊस झेलणारी काळ्या आवरणाची बाहेरची वायर वेगळी मिळते. वरळी, वर्सोव्यासारख्या समुद्राला लागून असलेल्या भागात खाऱ्या हवेने जोडाचे पत्रे गंजतात, म्हणून बाहेरचा जोड झाकणबंद डब्यातच करा.

दोरी, फोटो आणि चाचणी

प्रत्येक पाइपात नायलॉनची दोन-तीन मिमी जाड दोरी ठेवा. सुतळी दमट हवेत कुजते आणि लोखंडी तार गंजून पाइपाला चिकटते. दोरी दोन्ही टोकांना हातभर बाहेर ठेवून गाठ मारा. पुढे वायर ओढताना तिच्यासोबत नवी दोरीही ओढून घ्या, म्हणजे त्यानंतरच्या वायरीची सोय झाली. दोरी ठेवायची राहून गेली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीचा छोटा तुकडा शिवणाच्या दोऱ्याला बांधून एका टोकात ठेवा आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. पाइप मोकळा असेल तर दोरा सरसर पलीकडे जातो, मग त्याने दोरी ओढा.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक दोरी दोन्हीकडून हलवून बघा. मग प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप धरलेली दिसू द्या. हे फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा. पुढे टीव्हीच्या भिंतीवर फ्रेम लावायला कुणी ड्रिल घेऊन उभा राहील तेव्हा ते लागतील. पाइपांच्या टोकांवर मार्करने नावं लिहा: 'हॉल १', 'हॉल २', 'मागची बेडरूम'. प्लास्टर झाल्यावर, गवंड्याचा हिशेब चुकता करण्याआधी, दोऱ्या पुन्हा हलवून बघा. अडलेला पाइप त्या दिवशी उघडणं सोपं असतं.

वायर घालायची वेळ आली की

घरासाठी कॅट ६ घ्या. नेटवर्कच्या वायरीला १०० मीटरपर्यंत मुभा असते, फ्लॅटमध्ये तुम्ही त्याच्या जवळपासही जात नाही. कॅट ६वर एक गिगाबिट निवांत चालतो आणि फ्लॅटमधल्या अंतरांवर दहा गिगाबिटही. कॅट ६ए जाड आणि ताठ असते, वळणांतून ओढायला जड जाते. पाइप मोकळा ठेवला असेल तर ती आत्ता घ्यायची गरज नाही.

वायर शुद्ध तांब्याचीच हवी. स्वस्त वायरीत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती सीसीए म्हणून विकली जाते. ती पटकन तुटते आणि पीओईची वीज वाहताना तापते. दुकानातच एक तार चाकूने खरवडून बघा, आत पांढरी चमक दिसली तर परत करा.

ओढताना एक जण ओढतो आणि दुसरा पलीकडून वायर पाइपात सोडत राहतो. जोर अकरा किलोच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून जास्त ताणली तर आतल्या जोड्यांचे पीळ बिघडतात, बाहेरून काही दिसत नाही आणि वेग मात्र पडतो. अडली तर थोडी मागे घ्या, टाल्कम पावडर लावा, पुन्हा ओढा. एकाच पाइपात तीन वायरी घालायच्या तर तिन्ही एकत्र बांधून एकदम ओढा. आधीच्या वायरीवरून नंतरची ओढली तर घासून पहिलीचं आवरण फाटतं.

बॉक्समध्ये फूटभर आणि केंद्रात मीटरभर जादा वायर ठेवा. भिंतीवर सॉकेट बसवा, वायरीच्या टोकाला थेट प्लग लावून भिंतीतून लोंबत ठेवू नका. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा. सगळीकडे चालणारा ५६८बी हा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शेवटी साधा केबल टेस्टर लावा. आठही दिवे ओळीने लागले तरच त्या वायरीचे पैसे द्या. आठातला एखादा लागला नाही तर बहुतेक वेळा टोकाचं सॉकेट पुन्हा दाबून बसवलं की भागतं.